सिक्स ट्वेंटी फाइव्हची गोळी: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

मेडिकलच्या काउंटरवर रोज कोणीतरी येऊन म्हणतंच, "दादा, ती सिक्स ट्वेंटी फाइव्हची स्ट्रिप द्या ना, घसा दुखतोय." चिठ्ठी नसते. मागे कधीतरी घेतली होती, किंवा शेजारच्यांना दिली होती आणि बरं वाटलं होतं, एवढ्यावरच मागणी असते. आणि ज्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी असते त्यांनाही गोळी कशाबरोबर घ्यायची, किती तासांनी, काय झालं तर थांबायचं हे नीट सांगायला कोणाला वेळ झालेला नसतो, डॉक्टरांकडे गर्दी आणि आमच्याकडेही गर्दी. म्हणून हे लिहितोय. हे वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू करायचं नाहीये, डॉक्टरांनी लिहून दिलंय ते नीट घेता यावं यासाठी आहे.

गोळीत नक्की काय असतं

दोन औषधं असतात. एक ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातलं अँटिबायोटिक. दुसरं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, पाकिटावर बऱ्याचदा पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट असं लिहिलेलं असतं तेच हे. आता दोन कशाला, तर बरेच बॅक्टेरिया बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवायला लागले आणि ते एन्झाइम ॲमॉक्सिसिलिनला तोडून टाकतं, मग नुसतं ॲमॉक्सिसिलिन कितीही द्या त्या बॅक्टेरियाला फरक पडत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः बॅक्टेरिया फारसे मारत नाही, ते त्या एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करतं आणि ॲमॉक्सिसिलिनला काम करू देतं. ब्रिटनच्या बीचम कंपनीने १९८१ मध्ये ही जोडी ऑगमेंटिन या नावाने तिकडे बाजारात आणली. आज आपल्याकडे ऑगमेंटिन, क्लॅव्हॅम, मॉक्सिकाइंड सीव्ही, मॉक्सक्लॅव्ह, ॲडव्हेंट अशी कितीतरी नावं आहेत, जनऔषधी केंद्रातही मिळतं, आत औषध तेच.

हे नावांचं मी मुद्दाम सांगतोय. दाताच्या डॉक्टरांनी एका नावाने दिलं, दोन दिवसांनी फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलं, आणि पेशंट दोन्ही घेतोय असं होतं. ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेली औषधांची नावं वाचा, जुळली तर दुसरी स्ट्रिप उघडायच्या आधी फोन करा.

आधी बघा, लागतंय का खरंच

हे औषध फक्त बॅक्टेरियावर चालतं. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकनगुनिया, पावसाळ्यात घरोघरी फिरणारा व्हायरल ताप, यातल्या कशावरही याचा काडीचा उपयोग नाही. घसादुखी आणि साधा खोकलाही बहुतेक वेळा व्हायरसमुळेच असतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असं लोकांना वाटतं पण तसं नाही, व्हायरल सर्दीतही रंग बदलतो. सायनसचं म्हणाल तर दहा दिवस उलटूनही काहीच उतार नाही, किंवा बरं वाटायला लागून परत एकदम वाढलं, तेव्हा डॉक्टर बॅक्टेरियाचा विचार करतात.

मग उपयोग कुठे होतो, तर कानाचं आणि सायनसचं बॅक्टेरियल इन्फेक्शन, हिरडीला सूज येऊन पू झालेला दात, त्वचेची काही इन्फेक्शन्स, काही प्रकारचा न्यूमोनिया, काही वेळा लघवीचं इन्फेक्शन, आणि कुत्र्या-मांजराचा चावा. दातासाठी एक सांगतो, नुसता दात ठणकतोय, सूज नाही ताप नाही, तर गोळीने तो ठणका जाणार नाही, दाताचंच काम करून घ्यावं लागतं. लोक गोळ्या खाऊन तारीख पुढे ढकलत राहतात आणि दात हातचा जातो.

कुत्रा चावल्यावर डॉक्टर हीच गोळी देतात म्हणून काहींना वाटतं की झालं, इंजेक्शनची गरज नाही. अजिबात असं करू नका. रेबीज व्हायरसमुळे होतो, त्याला ही गोळी काहीही करत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं, डॉक्टर म्हणाले तर जखमेभोवतीचं इंजेक्शनही घ्यायचं. गोळी फक्त जखम चिघळू नये म्हणून.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर अँटिबायोटिक बदलत बसण्यापेक्षा थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते. अंगावर काढू नका.

स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ असते. त्या रेघेचा अर्थ चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. हे औषध शेड्यूल एच मध्ये येतं, म्हणजे आम्ही चिठ्ठीशिवाय द्यायलाही नको. आम्ही नाही म्हटलं की लोक रागावतात, पुढच्या दुकानात जातात, हे मला माहितीये, तरी सांगतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काय काय सांगायचं

सगळ्यात आधी ॲलर्जी. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफिक्सिमसारख्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतल्यावर कधी अंगावर पुरळ, सूज, दम लागणं असं काही झालं होतं का. इथे आपल्याकडे एक मोठा घोटाळा होतो. अंगावर लाल खाजऱ्या गांधी उठल्या की घरात म्हणतात पित्त उठलं, आमसूल चोळतात, काल वांग्याची भाजी खाल्ली होती त्यामुळे असेल म्हणतात आणि विषय संपतो. पण त्या वेळी कोणती गोळी चालू होती हे कोणी आठवतच नाही. डॉक्टरांनी विचारलं की ॲलर्जी आहे का, तर पेशंट सरळ नाही म्हणतो, कारण त्याच्या हिशेबाने ते पित्त होतं. म्हणून असं सांगा: "मागे अमुक गोळी चालू असताना अंगावर पित्त उठलं होतं." एवढं वाक्य पुरेसं आहे, पुढचं डॉक्टर बघतील.

उलटंही होतं. गोळीने जुलाब झाले किंवा मळमळलं म्हणून लोक "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असं सांगत फिरतात. तो साइड इफेक्ट आहे, ॲलर्जी नाही, आणि त्यामुळे विनाकारण दुसरं, जास्त जड अँटिबायोटिक गळ्यात पडतं. काय झालं होतं ते जसंच्या तसं सांगा, नाव द्यायचं काम डॉक्टरांचं.

दुसरं लिव्हर. याच औषधाने आधी कावीळ किंवा लिव्हरचा त्रास झाला असेल तर हे परत घ्यायचं नाही, कधीच नाही. किडनीचा आजार असेल तर सांगा, डोस बदलतो, किडनी फारच कमी काम करत असेल तर १००० ची गोळी चालत नाही.

मग बाकीची औषधं. रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण या अँटिबायोटिकबरोबर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी रक्त तपासणी, लवकर करावी लागते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर त्याचं शरीरातलं प्रमाण वाढू शकतं. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर पुरळ यायची शक्यता वाढते. किडनी बदललेल्यांची मायकोफेनोलेट असेल तर तेही सांगा. नावं लक्षात राहत नाहीत हे मान्य, म्हणून चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून घेऊन जा, वयस्कर मंडळींनी तर नक्कीच.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर तेही सांगायचं. बऱ्याच वेळा चालतं, पण ठरवणार डॉक्टर.

पाकिटावरचा आकडा नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश वाचा. ६२५ म्हणजे ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५. ३७५ म्हणजे २५० आणि १२५. १००० म्हणजे ८७५ आणि १२५. बघितलंत? पहिला आकडा बदलतो पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तिन्हीत तेवढंच, १२५.

त्यामुळे आपलं नेहमीचं गणित इथे लागू होत नाही. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर ॲमॉक्सिसिलिन बरोबर ५०० झालं पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट, २५० गेलं, आणि पोट बिघडवण्यात त्याचाच मोठा हात असतो. तसंच १००० ची अर्धी केली तर ती ६२५ होत नाही, दोन्ही औषधं कमी पडतात. चिठ्ठीत जो आकडा आहे तोच घ्या, तो नसेल तर डॉक्टरांना फोन लावायला सांगा, दुकानात उभ्या उभ्या जमाखर्च करू नका.

घ्यायची कशी

जेवायला बसल्यावर, पहिल्या एक-दोन घासांबरोबर. उपाशीपोटी नाही आणि जेवून तासाभराने पण नाही. जेवणाच्या सुरुवातीला घेतल्याने क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड नीट शोषलं जातं आणि मळमळ, जुलाब कमी होतात. उपवास असेल तर त्या दिवसांत काहीतरी पोटभर खाऊनच घ्या, निर्जळी उपवास या पाच-सात दिवसांत करू नका. गोळी मोठी असते, भरपूर पाण्याबरोबर गिळा.

चिठ्ठीवर बीडी लिहिलं असेल तर दिवसातून दोनदा, टीडीएस असेल तर तीनदा. दोनदा म्हणजे साधारण बारा तासांचं अंतर. सकाळी अकराला एक आणि संध्याकाळी सहाला दुसरी असं केलं तर रात्रभर औषध कमी पडतं. तीनदा असेल तर आठ तासांचं अंतर, झोपमोड करून पहाटे उठायची बहुतेकांना गरज पडत नाही पण दुपारची गोळी ऑफिसमध्ये विसरते, तिचा मोबाइलवर अलार्म लावा.

विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या. लोक हौसेने डबीत काढून ठेवतात, आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरतात, पण या औषधाला दमट हवा अजिबात सोसत नाही, कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात तर नाहीच. गोळीवर डाग दिसले, मऊ पडली तर घेऊ नका.

दही-ताक चालतं, दूध चालतं. दारूचं विचारतात बरेच जण, लाजत लाजत. या औषधाबरोबर दारूची थेट रिॲक्शन नसते, पण लिव्हरवर या औषधाचाही भार असतो आणि इन्फेक्शनमध्ये शरीर आधीच दमलेलं असतं, तेव्हा कोर्स संपेपर्यंत नकोच. आणि दाताचे डॉक्टर याच्या जोडीला बऱ्याचदा मेट्रोनिडॅझोल देतात, त्यात मात्र दारू सक्त मना, तो कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस.

लहान मुलांचं सिरप

पावडरची बाटली मिळते, पाणी घालून सिरप करायचं. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, किंवा सोबत पाणी दिलं असेल तर ते, आधी थोडं कमी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. गरम पाणी चालणार नाही. खुणेच्या वर गेलं तर औषध पातळ होतं, आणि हे फार वेळा होतं. जमत नसेल तर आम्हाला सांगा, मेडिकलमध्ये करून देतात.

तयार झालेली बाटली फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. बाटलीवर तारीख लिहा, साधारण सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे. घरी फ्रिज नसेल, लाइट फार वेळ जात असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ते दुसरा प्रकार देऊ शकतात. दरवेळी द्यायच्या आधी बाटली हलवायची, औषध तळाला बसतं.

मापाने द्या, सोबतच्या टोपीने किंवा सिरिंजने. घरातले चमचे प्रत्येकाकडे वेगळे. मुलांचा डोस वजनावर असतो त्यामुळे डॉक्टरांकडे वजन करून घ्या, आणि दादाचं उरलेलं सिरप छोटीला देऊ नका. सिरपमध्येही ताकद वेगवेगळी असते, २२८ चं आणि ४५७ चं, पाच मिलीमध्ये जवळजवळ दुप्पट फरक. मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं म्हणून यावेळी पण पाच, असं करू नका, बाटलीवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळवा.

सुरू केल्यावर काय वाटेल

ताप पहिल्याच दिवशी उतरेल असं नाही. दोन ते तीन दिवसांत उतार दिसायला हवा. तिसऱ्या दिवशीही जैसे थे किंवा वाढतंय तर डॉक्टरांना परत दाखवा, स्वतःच डोस वाढवू नका आणि दुसरं अँटिबायोटिक जोडू नका.

पोट थोडं बिघडणं, पातळ शी होणं, मळमळ हे बऱ्याच जणांना होतं. लोक म्हणतात औषध गरम पडलं. ओआरएस, पेज, ताक घ्या, जेवणाच्या सुरुवातीला घेताय ना ते परत तपासा. बायकांना खालच्या बाजूला खाज, पांढरं जाणं असा त्रास होऊ शकतो, कोणाच्या तोंडात पांढरे चट्टे येतात, तो बुरशीचा त्रास असतो, त्याचं औषध वेगळं असतं, संकोच न करता सांगा. पण दिवसात खूप वेळा पाण्यासारखे जुलाब, शीतून रक्त, पोटात जोरात कळा, ताप, असं असेल तर थांबा आणि दाखवा. अशा वेळी जुलाब बंद करायची गोळी मनाने घेऊ नका, त्याने आजार आत दाबला जाऊन बिघडू शकतो. हे कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनीही होऊ शकतं, म्हणून तेव्हाही डॉक्टरांना सांगा की मागे हे अँटिबायोटिक झालं होतं.

अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ओठ, जीभ, डोळे सुजले, घसा आवळल्यासारखा वाटला, दम लागला, चक्कर येऊन घाम फुटला, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला कॉल करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये गाठा, हे मिनिटांत जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आमसूल, सरबत, घरात पडलेली ॲलर्जीची गोळी यावर भागवायचं नाही. आणि तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलल्यासारखी होणं हेही तितकंच गंभीर.

कोर्स किती दिवसांचा

जितके दिवस डॉक्टरांनी लिहिलेत तितके. पूर्वी सरसकट दहा दिवस देत, आता बऱ्याच इन्फेक्शनमध्ये पाच-सात दिवसांत भागतं, त्यामुळे कमी दिवस दिले म्हणून डॉक्टर कच्चे असं समजू नका, आणि पूर्वीसारखं दहा दिवस हवं म्हणून आमच्याकडून आणखी स्ट्रिप मागू नका. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून स्वतः बंद करणंही नको. खर्च परवडत नाही म्हणून अर्धीच स्ट्रिप घेऊन जाणारी माणसं मी बघतो, त्यांना माझं सांगणं, लाजू नका, डॉक्टरांना सांगा की पैसे कमी आहेत, जेनेरिक लिहून मागा.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की पेनिसिलिन कमी प्रमाणात घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. काउंटरवर मी चिठ्ठी का मागतो त्याचं कारण हे.

संपल्यावर

गोळ्या उरल्या तर जपून ठेवू नका, पुढच्या वेळसाठी नाही, वहिनींसाठी नाही, कामवाल्या मावशींसाठी नाही. संडासात किंवा बेसिनमध्येही टाकू नका. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत बांधा आणि घरातल्या घातक कचऱ्याबरोबर वेगळं द्या, मुदत संपलेली औषधं त्यातच मोडतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण कोणीच सांगत नाही. या औषधाने क्वचित लिव्हरला त्रास होतो, पुरुषांमध्ये आणि पासष्टीच्या वरच्यांमध्ये जास्त, आणि तो कोर्स चालू असतानाच होईल असं नाही, गोळ्या संपून काही आठवडे झाल्यावरही दिसू शकतो. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, शी फिकट, अंगाला सगळीकडे खाज, भूक मेलेली, असं काही दिसलं तर काविळीचं गावठी औषध घ्यायला आधी धावू नका, लिव्हरची रक्त तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की गेल्या महिन्यात ही गोळी झाली होती. बहुतेक जण यातून पूर्ण बरे होतात, पण हे औषध त्यांनी परत घ्यायचं नसतं, म्हणून फाइलवर पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. कोणत्याही औषधाचा असा त्रास झाला तर तुम्ही स्वतःही सरकारकडे कळवू शकता, त्यासाठी टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४.